हिरवा प्रकाश वाया जात नाही

पान हिरवा प्रकाश परतवते म्हणून हिरवे दिसते, आणि परतवते म्हणजे तो त्याच्या कामाचा नाही, ही समजूत शाळेपासून घट्ट बसलेली असते. तिला आधार नाही असे नव्हे. 1882 मध्ये थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने शैवालाच्या तंतूवर प्रिझममधून वर्णपट पाडला आणि ऑक्सिजनकडे धावणारे जीवाणू पाण्यात सोडले. ते तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत गोळा झाले. हिरव्यात जवळपास शुकशुकाट. पानातून वेगळे काढलेले 'क्लोरोफिल ए' हे हरितद्रव्यही 430 आणि 660 नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळा आणि तांबडा प्रकाशच जोमाने शोषते. निरीक्षणे दोन्ही चोख. पण तंतू एका पेशीच्या जाडीचा, आणि नळीतल्या द्रावणातून प्रकाश एकदाच सरळ पार होतो.

पानात पेशींचे थर असतात, मध्ये हवेच्या पोकळ्या असतात. पहिल्या थरातून निसटलेला हिरवा किरण त्यांत वळत-परतत पुन्हापुन्हा हरितद्रव्याच्या वाटेत येतो आणि बहुधा सापडतोच. लेट्यूसच्या पातळ पानात सुमारे निम्मा, तर जाड सदाहरित पानांत 90 टक्क्यांपर्यंत हिरवा प्रकाश शोषला जातो. आपल्याला दिसतो तो उरलासुरला. शोषलेला प्रकाश कामी येतो का, हा पुढचा रास्त प्रश्न. इचिरो तेराशिमा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये सूर्यफुलाच्या पानांवर दाखवले की, प्रखर पांढऱ्या उजेडात जादा तांबड्यापेक्षा जादा हिरव्या प्रकाशाने प्रकाशसंश्लेषण अधिक वाढते. तांबडा प्रकाश वरच्या थरांतच संपतो, आणि भर उन्हात ते थर आधीच तुडुंब असतात; तिथली जादा ऊर्जा कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांच्या मदतीने उष्णता म्हणून सोडून द्यावी लागते. हिरवा प्रकाश खालच्या, अर्धपोटी हरितलवकांपर्यंत पोचतो.

मग बंदिस्त शेतीत नुसत्या तांबड्या-निळ्या दिव्यांवर भाजी कशी येते? येते, कारण तिथे उजेड बेताचा आणि पाने पातळ. शिवाय ते रंग निवडताना विजेचा हिशेबही असतो. त्यावरून हिरवा प्रकाश निरुपयोगी ठरत नाही. मात्र याच फायद्यासाठी पाने हिरवी झाली, असे म्हणणे घाईचे होईल. हरितद्रव्य जमिनीवरच्या झाडांच्या कितीतरी आधीचे आहे. झाडांना ते वारशाने मिळाले. हिरवा प्रकाश नेमका टिपणारे रंगद्रव्य निसर्गाला जमलेच नाही, असेही नाही: समुद्रात खोलवर, जिथे तांबडा प्रकाश पोचत नाही, तिथली लाल शैवाले फायकोएरिथ्रिनने तेच करतात.