लॅपटॉप घरघरतो तेव्हा

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गाव 2011 सालापासून आपला बांबू आपणच विकू लागले. ज्याची विक्री, त्याचाच हिशेब. समजा, आपल्या ग्रामसभेचा असाच हिशेब लॅपटॉपवर आहे, आणि ऐन उन्हाळ्यात तो घरघरू लागला. कोणी म्हणेल, "बाप्पा! हा तर बिघडला." पण थांबा. आधी आवाज ओळखू या.

लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर असतो. सगळी आकडेमोड तोच करतो. काम वाढले की तो तापतो. त्याला गार ठेवायला एक लहान पंखा असतो. घरघर त्या पंख्याची. आपल्या चंद्रपुरात पारा 45 च्या वर जातो. मग पंख्याने किती धावावे?

उपाय सोपे आहेत. लॅपटॉप गादीवर ठेवू नये; हवेची जाळी बुजते. टेबलावर ठेवावा. जाळीत धूळ साचली, तर लॅपटॉप बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशाने झाडावी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 टक्के असते. ती 99 केली, की बरेच प्रोसेसर जास्तीची धाव घेत नाहीत. तापही कमी, आवाजही कमी.

बारीक 'किर्र' आवाज वेगळा. आत तारेची वेटोळी असतात. वीज कमीजास्त होताना ती थरथरतात. त्याची भीती नको.

पंखा खडखडला किंवा जळका वास आला, तर मात्र लॅपटॉप लगेच बंद करावा, जाणत्याला दाखवावा. आणि हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवावीच. यंत्र दुसरे मिळेल. गेलेला हिशेब कुठून आणणार?