पुरुष-जननसंस्था : रचना, कार्य व शिक्षकाचे कर्तव्य

पचन, श्वसन व रुधिराभिसरण ह्यांचे पाठ आपले शिक्षक तक्ते लावून उत्साहाने शिकवितात. परंतु जननसंस्थेचा विषय निघाला की ‘हे घरी वाचून या’ असे सांगून पान उलटले जाते. ह्या संकोचाची किंमत शिक्षकास नव्हे, तर विद्यार्थ्यास द्यावी लागते. सहावी-सातवीतील मुलास आपल्या शरीरातील बदलांचा अर्थ शाळेत कळला नाही, तर तो थोराड सोबत्यांकडून किंवा भिंतीवर जाहिराती रंगविणाऱ्या भोंदू वैद्याकडून मिळवितो. सबब ह्या संस्थेची माहिती शिक्षकांस प्रथम स्वतः नीट असावी, हे इष्ट होय.

पुरुष-जननसंस्थेचे मुख्य अवयव म्हणजे दोन वृषण. गर्भावस्थेत ते उदरपोकळीत तयार होतात व बहुधा जन्मापूर्वीच खाली वृषणकोशात उतरतात. इतका महत्त्वाचा अवयव पोटाबाहेर का असावा, असा प्रश्न चौकस मुले विचारतात. त्याचे उत्तर असे की, शुक्राणू नीट तयार होण्यास शरीराच्या आतील उष्णतेहून सुमारे २ ते ३ अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. म्हणूनच थंडीत वृषणकोश आकसून शरीरास बिलगतो व उन्हाळ्यात सैल होतो. एक वृषण, बहुधा डावा, दुसऱ्याहून किंचित खाली असतो. ते व्यंग नव्हे. मात्र बालक सहा महिन्यांचे होऊनही वृषण खाली उतरला नसेल, तर त्यास डॉक्टरांस दाखविणे अवश्य आहे.

वृषणाची कार्ये दोन. त्यातील बारीक, वेटोळ्यांच्या नलिकांत शुक्राणू तयार होतात, आणि ह्या नलिकांच्या मधील पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात सोडतात. साधारणतः ९ ते १४ वर्षे ह्या वयात मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून वृषणांस चालना मिळते. प्रथम वृषणांचा आकार वाढतो. पुढे जांघेत व काखेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते, आवाज फुटतो व मिसरूड दिसू लागते. कोणास हे लवकर घडते, कोणास उशिरा. एवढ्यावरून वर्गात कोणाची थट्टा होऊ देऊ नये.

एक शुक्राणू पूर्ण घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यास डोके, मान व शेपूट असते, आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी असते. १६७७ साली हॉलंडमधील लेव्हेनहूक ह्यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू पाहिले. वृषणातून ते लगतच्या अधिवृषणात जाऊन परिपक्व होतात. तेथून शुक्रवाहिनी त्यांस वर उदरात नेते. वाटेत शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी ह्यांचे स्राव त्यांत मिसळतात व ह्या मिश्रणास वीर्य म्हणतात. वीर्य शिश्नातील मूत्रमार्गाने बाहेर पडते. मूत्र व वीर्य ह्यांचा मार्ग एकच असला, तरी वीर्य बाहेर पडतेवेळी मूत्राशयाचे तोंड मिटलेले असते.

वीर्याचा फार मोठा भाग ग्रंथींच्या पाणीदार स्रावाचा असतो. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. म्हणून रक्ताच्या अनेक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत निराधार आहे. वयात येणाऱ्या मुलास झोपेत वीर्यस्राव होणे हा आजार नसून वाढीचा स्वाभाविक भाग आहे. त्याने अशक्तपणा येत नाही व त्यास औषधही लागत नाही. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून लैंगिक अज्ञानाविरुद्ध लेखणी झिजविली व त्यापायी खटलेही सोसले. तरी हे भय आजही मुलांच्या मनात घर करून आहे.

आणखी एक गोष्ट मुलामुलींस आवर्जून सांगावी. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असते. शुक्राणूत मात्र एक्स किंवा वाय ह्यांपैकी एक असते. वाय असलेला शुक्राणू स्त्रीबीजाशी मिळाला तर सामान्यतः मुलगा होतो, एक्स असलेला मिळाला तर मुलगी. नेटी स्टीव्हन्स ह्या अमेरिकन विदुषींनी १९०५ साली भुंगेऱ्यांच्या अभ्यासातून हे तत्त्व दाखवून दिले. मुलगी झाली म्हणून आईस दोष देणे शास्त्रास धरून नाही. आणि पित्याच्याही हाती काही निवड नसते.

शेवटी एका प्रसंगाचा उल्लेख करणे भाग आहे. एका शाळेच्या तपासणीस गेलो असता वर्गशिक्षकांनी सांगितले की, सातवीतील एका मुलाच्या वृषणात संध्याकाळी अकस्मात तीव्र वेदना सुरू झाल्या. लाजेने त्याने ‘पोट दुखते’ एवढेच घरी सांगितले. ओवा देऊन त्यास निजविण्यात आले. दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णालयात नेले, तेव्हा तो वृषण काढून टाकण्यावाचून डॉक्टरांस गत्यंतर उरले नव्हते. वृषण ज्या रज्जूवर लोंबतो तिला पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो. साधारणतः सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर बहुधा वृषण वाचतो. पुढे प्रत्येक तासागणिक आशा कमी होत जाते. त्या मुलाजवळ अवयवाचे नाव होते, ते उच्चारण्याची मुभा मात्र कोणी दिलेली नव्हती.

तेव्हा हा पाठ घेताना शिक्षकांनी तीन गोष्टी पाळाव्या. अवयवांची शास्त्रीय नावे सरळ, न हसता उच्चारावी. ज्यांस उभे राहून विचारणे जड जाते, त्यांचे प्रश्न निनावी चिठ्ठ्यांतून घ्यावे व सर्वांचे उत्तर द्यावे. आणि ‘ह्या भागात अचानक दुखले, सूज आली अथवा मार लागला, तर त्याच क्षणी घरच्यांस किंवा मला सांगा,’ हे वाक्य पाठाच्या शेवटी स्पष्ट शब्दांत म्हणावे.