जुनी गाडी घेताय? टेप आणि ओळंबा बरोबर न्या

जुनी गाडी बघायला गेलेली आपली माणसे रंग बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, काचा वरखाली करतात आणि बयाणा देऊन मोकळी होतात. गाडी जमिनीपासून किती उंच उभी आहे, हे मात्र कोणी मोजत नाही. पतपेढीचे कर्ज काढून, कुणी फंडातले पैसे उचलून गाडी घेतो, म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

प्रत्येक मॉडेलची उभी उंची कंपनीने ठरवलेली असते. नवे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी त्याचा तांत्रिक तपशील कंपनीला चाचणी संस्थेकडे लेखी द्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२६ मध्ये अशा संस्थांची नावे आहेत. त्यात आपल्या नगरच्या वाहननगरमधील व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्थाही आहे. गाड्यांची परीक्षा आपल्याच जिल्ह्यात होते आणि आपण मात्र अंदाजाने गाडी घेतो!

जाहिरातीत ‘ग्राउंड क्लिअरन्स’ छापतात. तो गाडीच्या पोटाखालच्या सर्वांत खालच्या भागापासून जमिनीपर्यंतचा आकडा. गॅरेजवाले ज्याला ‘राइड हाइट’ म्हणतात ते माप वेगळे असते आणि ते त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळते. ते कोठून कोठपर्यंत घ्यायचे आणि किती मिलिमीटर फरक चालतो, हेही तेथेच दिलेले असते. रिकामी गाडी की भरलेली, हा प्रश्नही क्षुल्लक नाही. मोठ्या गाड्यांवरील त्या वेळच्या जादा उपकरासाठी १७० मिलिमीटर क्लिअरन्सची अट होती. ती रिकाम्या गाडीची धरायची, असा खुलासा जीएसटी परिषदेला जुलै २०२३ मध्ये करावा लागला.

आता मोजणी. फरशीवर किंवा काँक्रीटवर पाणसळ ठेवून जागा सपाट आहे का ते बघा. डिकीतले सामान काढा, स्टेपनी राहू द्या. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढी हवा चाकांत भरा. बंपर दोनचार वेळा दाबून सोडा, गाडी थोडी पुढेमागे ढकला, म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतात. मग चाकावरच्या मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यावरून ओळंबा सोडा आणि दोन मापे घ्या : कडेपासून जमिनीपर्यंत आणि कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत. गवंडीकाम करणाऱ्या घरात हे शिकवायची गरज नाही.

दोन मापे कशाला? पहिले कमी आणि दुसरे बरोबर असेल, तर दोष हवेत किंवा टायरमध्ये आहे. १५५/८० आर १३ च्या जागी कोणी १५५/६५ आर १३ टायर चढवले, तर नुसत्या टायरमुळे गाडी सुमारे २३ मिलिमीटर खाली येते. दुसरे मापही कमी भरले, तर स्प्रिंग दमली आहे किंवा पाटा तुटला आहे. डावी-उजवी बाजू जुळत नसेल तर सावध व्हा. कधी स्प्रिंगचा एक वेढाच मोडलेला असतो. मागची बाजू बसलेली असेल, तर गाडीने काळीपिवळीचे किंवा मालाचे ओझे वाहिले असण्याची शक्यता मोठी. उलट माप जास्त भरले तर स्प्रिंगमध्ये रबरी ठोकळे घातलेत का ते बघा.

बसलेल्या गाडीची चाके तिरपी होतात, टायर एका कडेने झिजतात. मागून बसलेल्या गाडीचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आपल्या गावांपुढचे गतिरोधक कोण कोणाला विचारून घालतो, कोणास ठाऊक. घरची पाच माणसे बसल्यावर अशा गाडीचे पोट तेथे घासते आणि इंजिनाचे ऑइल चेंबर फुटले तर मोठा खर्च येतो.

चारही चाकांची आठ मापे कागदावर लिहा आणि त्या मॉडेलच्या, त्याच सालच्या मॅन्युअलमधला आकडा अधिकृत सर्व्हिस स्टेशनात विचारून शेजारी मांडा. स्प्रिंगा बदलायचा खर्च किती ते तेथेच विचारून घ्या, म्हणजे तेवढी रक्कम सौद्यातून कमी करायला सांगता येते. मालक टेप लावू देत नसेल तर बयाणा देऊ नका.