बोर्डो मिश्रणाचे माहेर

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात बोर्दो हे मोठे शहर वसले आहे. त्याच्या उत्तरेस गारोन व दोर्दोन्य या नद्यांचा संगम होऊन जिरोंद ही विस्तीर्ण खाडी बनते. खाडीच्या डाव्या तीरावर, बोर्दोपासून ५० किलोमीटरांच्या आत, सँ-ज्युलियाँ हे मद्याकरिता विख्यात असलेले लहानसे गाव आहे. लोकवस्ती हजाराच्याही आत. जमीन गोट्यांची व भरड. गव्हासाठी ती कोणी पत्करणार नाही, परंतु निचरा उत्तम असल्याने द्राक्षवेलीस ती मानवते. येथील एका नामांकित मळ्याच्या नावातील ‘बोकायू’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘सुंदर गोटे’ असा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील द्राक्षबागांवर मुळे पोखरणाऱ्या फायलोक्सेरा किडीची धाड आली. तिला दाद न देणारे अमेरिकन वेल आणविले गेले. त्यांच्यासमवेत केवडा रोगही आला. १८७८ साली तो फ्रान्समध्ये प्रथम आढळला. केवड्याने पाने गळतात, पाने गळाली की घडांत साखर भरत नाही, आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. एका संकटावरील उपायाने दुसरे संकट घरात यावे, असा हा प्रकार होता.

१८८२ च्या ऑक्टोबरमध्ये बोर्दो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे सँ-ज्युलियाँच्या वाटेने चालले होते. मळ्यातील वेल ओकेबोके झालेले. वाटेलगतच्या ओळी मात्र पानांनी भरलेल्या! त्या पानांवर निळसर थर दिसत होता. चौकशीअंती उलगडा झाला. येणारे-जाणारे घड तोडून नेत, म्हणून त्यांना विषाचा धाक बसावा यासाठी मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे पाणी शिंपडीत. चोरांसाठी योजलेली ही युक्ती रोगावर लागू पडली होती. मियार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गायाँ यांच्या सहकार्याने प्रयोग केले, मळ्याचे कारभारी दाविद यांनी ते बागेत पारखून पाहिले, आणि १८८५ साली कृती प्रसिद्ध झाली.

नुसत्या मोरचुदाने पाने करपतात. चुन्यामुळे त्याची आम्लता मरते व तांबे पानावर चिकटून राहते. रोगाचे बीज पानात शिरण्यापूर्वीच हे मिश्रण पानावर असावयास हवे, हे मियार्दे यांनी ओळखले होते. रोग दिसल्यावर धावपळ करणाऱ्या बागाईतदाराने हे ध्यानी घ्यावे.

नाशिककडील द्राक्षे असोत वा कोकण-गोव्यातील सुपारीवरील कोळेरोग, आपल्याकडेही हे मिश्रण परिचित आहे. एक टक्का मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी लागते. दोन्ही द्रावणे निरनिराळ्या मातीच्या, लाकडी वा प्लॅस्टिकच्या भांड्यांत करून एकत्र ओतावीत. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात घासलेला लोखंडी खिळा बुडवावा. त्यावर तांबूस पुट चढल्यास चुना कमी आहे असे समजून आणखी निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर याहून सौम्य मिश्रण वापरणे इष्ट.

तांबे मात्र जमिनीतून नाहीसे होत नाही. बोर्दोकडील जुन्या बागांत ते पिढ्यान् पिढ्या साचले असून, युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंहून अधिक तांबे देण्यास मनाई केली आहे.