निफ्टी वर, मग आपले शेअर खाली का?

डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या राशी झाल्या की जनवाड्याकडची मंडळी माल घेऊन बीदरच्या गांधी गंजात जातात, कुणी कलबुर्गीच्या गंजात. (कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.) "आज तूर कशी गेली?" या प्रश्नाला जाणता शेतकरी एका आकड्यात उत्तर देत नाही. टपोऱ्या, वाळलेल्या दाण्याचा एखादा ढीग सगळ्यात वरच्या भावाने गेला, म्हणून बाजार चढला असं तो मानत नाही. बाकीचे ढीग कसे गेले, किती तसेच पडून राहिले, हे विचारतो. मगच घरातली पोती बाहेर काढायची की नाही ते ठरवतो.

त्याच घरातला, हैदराबादला किंवा पुण्याला नोकरी करणारा मुलगा मात्र मोबाइलवर एकच आकडा पाहतो आणि शेअर घेतो. निफ्टी किती?

निफ्टीत ५० कंपन्या आहेत, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही. ज्या कंपनीच्या बाजारात खुल्या असलेल्या शेअरची किंमत मोठी, तिचं वजन मोठं. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक आणि रिलायन्स या तिघींचं मिळूनच एक चतुर्थांशाहून अधिक भरतं. त्या तिघी चांगल्या चढल्या, तर तीस कंपन्या थोड्या थोड्या उतरूनही निर्देशांक हिरवा दिसू शकतो. आणि निफ्टीच्या बाहेर हजारो कंपन्या आहेत. त्यांचं काय चाललंय ते निफ्टी सांगतच नाही.

ते सांगते ती 'मार्केट ब्रेड्थ', म्हणजे बाजाराची रुंदी. हिशोब शाळेतल्या बेरीज-वजाबाकीचा. आज किती शेअर वाढले, किती घटले? समजा १,१०० वाढले आणि १,७०० घटले, तर आजचा आकडा उणे ६००. हा रोजचा आकडा कालच्या बेरजेत मिळवत गेलं की एक रेघ तयार होते. तिला 'ॲडव्हान्स-डिक्लाइन लाइन' म्हणतात. निर्देशांक आणि ही रेघ दोन्ही वर जात असतील तर तेजी सगळ्यांची आहे. निर्देशांक वर आणि रेघ खाली, असं आठवड्यांमागून आठवडे दिसलं, तर तेजी मोजक्यांच्या खांद्यावर उभी आहे.

२०१८ मध्ये हेच घडलं. जानेवारीत सगळाच बाजार शिखरावर होता. पुढे मिडकॅप आणि स्मॉलकॅप घसरत राहिले, मोठ्या कंपन्या मात्र चढत गेल्या. २८ ऑगस्टला निफ्टी ११,७३८ वर बंद झाला, तोवरचा विक्रम. टीव्हीवर जल्लोष होता आणि त्याच दिवशी स्मॉलकॅप निर्देशांक जानेवारीच्या उंचीपेक्षा बराच खाली होता. "निफ्टी वर, मग माझे शेअर खाली का?" हा प्रश्न तेव्हा घरोघरी होता. सप्टेंबरात आयएलअँडएफएसचं कर्जप्रकरण उघडं पडलं आणि २६ ऑक्टोबरला निफ्टी १०,०३० वर आला. स्मॉलकॅपला जानेवारी २०१८ ची उंची पुन्हा गाठायला २०२१ उजाडावं लागलं.

मग ही रेघ पाहून नेमक्या दिवशी विकता आलं असतं का? नाही. रुंदीचा इशारा फार लवकर येतो. अमेरिकेत न्यूयॉर्क बाजाराची अशी रेघ एप्रिल १९९८ मध्येच माथ्यावरून खाली वळली होती. डॉटकॉमची तेजी फुटली मार्च २००० मध्ये. मधली दोन वर्षं इशारा मानणारे लोक वेड्यात निघाले. म्हणून माझ्या मते रुंदीचा खरा उपयोग एवढाच: ती बिघडलेली असताना नवे पैसे घालायचे नाहीत, उधारीवर तर मुळीच नाही, आणि लहान कंपन्यांचे शेअर "स्वस्त झालेत" म्हणून वाढवत बसायचं नाही.

दुसरं साधन २०० दिवसांच्या सरासरीचं. गेल्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची. भाव तिच्या वर असेल तर कल तेजीचा, खाली असेल तर मंदीचा. यावर खूप दावे ऐकू येतात, म्हणून करोनाच्या काळातलं उदाहरण नीट पाहू. २८ फेब्रुवारी २०२० ला निफ्टी ११,२०१ वर बंद झाला, म्हणजे या सरासरीच्या स्पष्ट खाली. ज्याने तेव्हा नियम पाळून विकलं, तो २३ मार्चचा दिवस बाहेरून पाहत होता. त्या एका दिवसात बाजार १३ टक्के कोसळला, निफ्टी ७,६१० वर आला. पण सरासरीच्या वर तो परत आला जुलैमध्ये, ११,००० च्या आसपास. म्हणजे ११,२०० ला विकलं आणि ११,००० ला परत घेतलं. खर्च आणि कर वजा जाता हाती काय आलं? पैशात जवळपास काहीच नाही. ज्याने शेअर तसेच ठेवले तोही जुलैत तिथेच होता. फरक झोपेचा. आणि त्याचं खरं मोल कुणाला? मार्चमध्ये घाबरून ८,००० ला विकणाऱ्याला. असा माणूस असाल तर हा नियम तुमच्या कामाचा आहे.

आरएसआय तर प्रत्येक ॲपमध्ये असतो. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७८ मध्ये तो मांडला. १४ दिवसांतली सरासरी वाढ भागिले सरासरी घट. वाढ घटीच्या तिप्पट असेल तर आरएसआय ७५. "सत्तरच्या वर विका, तीसच्या खाली घ्या" एवढंच लोक पाठ करतात. पण जोरदार तेजीत तो आठवडेच्या आठवडे सत्तरच्या वर राहू शकतो, आणि बुडत्या कंपनीत तीसच्या खालीही.

ही साधनं रोजच्या खरेदी-विक्रीसाठी वापरणाऱ्यांचं काय होतं, ते सेबीनेच मोजलं आहे. २०२२-२३ मध्ये शेअर सकाळी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्या दर १० जणांपैकी ७ जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत १०० पैकी ९३ जणांचा तोटा झाला, माणशी सरासरी सुमारे दोन लाख. त्यातल्या बहुतेकांच्या मोबाइलवरही हाच आरएसआय होता. शिवाय वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे, तो हिशोबात धरा.

बाजार साडेतीनला बंद होतो. त्यानंतर वाढलेल्या-घटलेल्या शेअरचा आकडा नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. टेलिग्रामवरच्या कुणा 'गुरू'ला महिना हजार रुपये द्यायची गरज नाही. द्यायचेच असतील, तर आधी त्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. सहा महिने नुसती वही ठेवा: तारीख, निफ्टी, वाढलेले, घटलेले, आणि आज मन काय म्हणत होतं. पैसा घालायचा नाही. जूनच्या बियाण्या-खतासाठी काढून ठेवलेला तुरीचा पैसा तर सहा महिन्यांनंतरही नाही.