व्यावसायिक कबड्डीतील बचावपटू : कौशल्य, कारकीर्द आणि चरितार्थ

प्रस्तावना

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ झाला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांतील तरुणांच्या दृष्टीने हा योगायोग लक्षणीय आहे. गावोगावी मातीत खेळला जाणारा खेळ त्याच सुमारास उपजीविकेचे साधन होऊ लागला. या खेळातील चढाईपटूच्या पराक्रमाची चर्चा पुष्कळ होते; बचावपटू मात्र दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात बचावपटूचे कार्य व त्याच्या कारकिर्दीचे स्वरूप यांचे विवेचन केले आहे.

बचावपटूचे कार्य

पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. सात जणांच्या बचावफळीत दोन्ही टोकांना डावा व उजवा कोपरारक्षक आणि त्यांच्या आतील बाजूस मध्यरक्षक उभे असतात. चढाईची मुदत ३० सेकंदांची असते. कोपरारक्षकाने चवडा किंवा पट काढावा आणि मध्यरक्षकांनी धावत येऊन चढाईपटूची मध्यरेषेकडील वाट रोखावी, अशी ही श्रमविभागणी आहे. क्षणभर आधी झेप घेतली तर चढाईपटू निसटतो आणि क्षणभर उशीर झाला तर तो मध्यरेषा गाठतो. म्हणूनच बचावात बळापेक्षा संयमाला आणि सहकाऱ्याच्या हालचालीच्या अचूक अंदाजाला अधिक महत्त्व आहे.

गुणपद्धतीही बचावपटूला फारशी अनुकूल नाही. चढाईपटू एका चढाईत अनेक गडी बाद करू शकतो. यशस्वी पकडीला मात्र सामान्यतः एकच गुण मिळतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तरच एक अतिरिक्त गुण लाभतो. लीगमध्ये चढाईपटूच्या दहा गुणांना जो मान आहे, तोच बचावपटूच्या पाच गुणांना दिला जातो. पकडीचे गुण मिळविणे किती दुष्कर आहे, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

कारकिर्दीचे स्वरूप

कल्याणचा डावा कोपरारक्षक गिरीश मारुती एरनाक याची वाटचाल या दृष्टीने उद्बोधक आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सेनादलास पराभूत केले. रिशांक देवाडिगा याच्या नेतृत्वाखालील त्या विजयी संघात एरनाकचा समावेश होता. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघात त्याची निवड झाली. तेथे उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे नमविले आणि १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय पुरुष संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. इराणच्या त्या बचावफळीतील फझल अत्राचली याला त्याच वर्षीच्या लिलावात यू मुम्बाने एक कोटी रुपयांना घेतले होते. चढाईपटूंच्या या खेळात बचावपटूचेही मोल वाढल्याचे ते द्योतक होते.

तथापि या यशाला अस्थिरतेची दुसरी बाजू आहे. एरनाक पुणेरी पलटण, गुजरात जायंट्स, बंगाल वॉरियर्स व यू मुम्बा अशा निरनिराळ्या संघांतून खेळला. लिलावात संघ बदलला की सहकारी बदलतात आणि परस्परांच्या अंदाजावर उभी असलेली बचावफळी नव्याने बांधावी लागते. कोटीचा आकडा वृत्तपत्रांत झळकतो. परंतु २०२३ च्या लिलावात ड गटातील खेळाडूची आधारकिंमत नऊ लाख रुपये होती. हंगाम काही महिन्यांचाच असतो. गुडघा वा घोटा दुखावला की कोपरारक्षकाची झेपच हरपते. त्यामुळे रेल्वे, पोलीस, बँका व तेल कंपन्या यांतील नोकरी हाच बहुसंख्य खेळाडूंचा खरा आधार राहिला आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र त्याचा लाभ घेण्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राबरोबर पदाला आवश्यक ती शैक्षणिक अर्हताही लागते.

डहाणू–तलासरीच्या संदर्भात

येथील तरुणांकडे चपळता व काटकपणा आहे. परंतु व्यावसायिक कबड्डी मॅटवर आणि बूट घालून खेळली जाते. अनवाणी पायांनी मातीत घोटलेला चवडा मॅटवर जसाच्या तसा साधत नाही. पायांची पकड, झेपेचे अंतर आणि पडण्याची रीत हे सारे नव्याने शिकावे लागते. शिवाय उंबरगाव-वापीच्या कारखान्यांतील रोजंदारी हाताशी असल्याने ज्या वयात खेळ पक्व होतो, त्याच वयात अनेकांचे शिक्षण आणि सराव दोन्ही सुटतात.

समारोप

बचावपटूची कारकीर्द अल्पायुषी असते आणि तिच्या यशाची शाश्वती नसते. म्हणून महाविद्यालयाचे कार्य आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ पाठविण्यापुरते मर्यादित राहू नये. मॅटवरील सराव, दुखापतीनंतरचे उपचार आणि स्पर्धेमुळे बुडालेल्या तासिकांची भरपाई यांकडे शारीरिक शिक्षण विभागाबरोबरच सर्व विषयांच्या प्राध्यापकांनी लक्ष द्यावयास हवे. लीगचे दार मोजक्यांनाच उघडेल. पदवी हाती असलेल्या खेळाडूला मात्र ते न उघडल्यास दुसरे दार ठोठावता येईल.