पॅनेममधला पाव

'द हंगर गेम्स'च्या पहिल्याच पानावर एक शब्द दबा धरून बसलेला आहे. सोळा वर्षांची कॅटनिस जागी होते, हात लांब करते, तर शेजारची जागा गार. धाकटी बहीण वाईट स्वप्नं पडून आईच्या कुशीत जाऊन झोपलेली. पडणारच स्वप्नं, कॅटनिसला वाटतं. आज 'रीपिंग'चा दिवस आहे ना.

माझी तेरा वर्षांची भाची इथे अडली. "मावशी, रीपिंग म्हणजे गं?"

"कापणी. शेतातलं पीक कापतात ती."

तिने पुन्हा पानात डोकं घातलं आणि लगेच वर काढलं. "मग कापणीच्या दिवशी वाईट स्वप्नं कशाला पडतील?"

हा प्रश्न तिला पडला, त्याच क्षणी ती तो शब्द खऱ्या अर्थाने शिकू लागली होती. मी सांगितलेला अर्थ बरोबर होता, पण त्या पानात काही केल्या बसत नव्हता. आपल्याकडे कापणी म्हणजे सुगी, भरलेलं खळं. ती वाचत राहिली. आज खाणी बंद आहेत. लोकांनी ठेवणीतले कपडे काढलेत, पण हसत कुणीच नाही. चौकात बारा ते अठरा वर्षांच्या सगळ्या मुलामुलींना दोरखंडांच्या आड उभं केलंय. मंचावर काचेचे दोन मोठे गोल आहेत, एक मुलींचा, एक मुलांचा, आणि आत चिठ्ठ्या. प्रकरण संपता संपता एक हात त्या गोलात जातो आणि एक नाव बाहेर येतं. तोवर भाचीला कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. "मावशी," ती हळूच म्हणाली, "मुलांचीच कापणी आहे ही."

शब्द शिकणं म्हणजे काय, हे मी त्या दुपारी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. अर्थ एका झटक्यात हातात पडत नाही, तो थराथराने चढतो. पहिला थर भीतीचा, दुसरा सुट्टीचा, तिसरा ठेवणीतल्या कपड्यांचा, चौथा त्या चिठ्ठ्यांचा. शब्दकोश आपल्याला शब्दाची ओळख करून देतो. कादंबरी त्याच्याशी सोयरीक जुळवून देते.

कुठलीही कादंबरी थोडंफार हे करतेच. पण उद्याच्या बिघडलेल्या जगाच्या, 'डिस्टोपियन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किशोरकादंबऱ्या त्यात पुढे आहेत, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. सुझॅन कॉलिन्सची ही कादंबरी 2008 साली आली. तिचं जग पूर्णपणे कल्पनेतलं, म्हणून त्यातले कितीतरी शब्दही कुणालाच ठाऊक नसलेले. 'अ‍ॅव्हॉक्स' हा शब्द न्यूयॉर्कच्या मुलीलाही तेवढाच अनोळखी, जेवढा नाशिकच्या. इंग्रजी पुस्तक उघडताना मराठी माध्यमातल्या मुलांच्या मनात एक दडपण असतं: हे शब्द बाकी सगळ्यांना येत असतील, मलाच येत नाहीत. इथे ते दडपणच गळून पडतं. त्या देशात सगळेच वाचक नवखे असतात आणि सगळेच अंदाजाने वाट काढत असतात.

ही वाट खरोखर सापडते का, हे संशोधकांनी 1978 साली फार युक्तीने तपासलं. अँथनी बर्जेसची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' ही 1962 ची कादंबरी अशाच एका भीषण भविष्यातली आहे. विषयाने ती मोठ्यांची, मुलांच्या हाती देण्याजोगी नाही, पण तिचा निवेदक पंधरा वर्षांचा आहे. तो 'नॅडसॅट' नावाची पोरांची बोली बोलतो आणि तिच्यातले बहुतेक शब्द रशियनवरून घडवलेले आहेत. मित्राला 'द्रूग', दुधाला 'मोलोको'. संशोधकांनी ही कादंबरी काही जणांना वाचायला दिली, पण शब्दार्थांची यादी दिली नव्हती. पुस्तक वाचा, मग त्यावर प्रश्न विचारू, एवढंच सांगितलं होतं. वाचून झाल्यावर मात्र त्यांच्यापुढे अचानक त्या बोलीतल्या 90 शब्दांची परीक्षा आली. सरासरी तीन चतुर्थांश उत्तरं बरोबर निघाली! पाठांतर न करता, शब्द शिकायचे आहेत हे ठाऊकही नसताना, नुसती गोष्ट वाचत ही माणसं एक छोटी बोली शिकून मोकळी झाली होती.

एरवीच्या वाचनात इतकं घडत नाही. वाचनातून सहज शिकल्या जाणाऱ्या शब्दांवरचे बरेच अभ्यास 1999 साली एकत्र पडताळले गेले, तेव्हा दिसलं की अनोळखी शंभर शब्द वाटेत भेटले, तर त्यातले साधारण पंधरा मुलांच्या पदरात पडतात. मग नॅडसॅटमध्ये एवढं पीक कसं आलं? मुख्य कारण पुनरावृत्ती. तिथे तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि जितक्या वेळा येतो तितका पक्का होतो. 'हंगर गेम्स'मध्येही 'ट्रिब्यूट' शब्द पानोपानी भेटतो. शिवाय इथे तो गाळून पुढे जाताच येत नाही, कारण ट्रिब्यूट म्हणजे काय यावर कॅटनिसचा जीव अवलंबून आहे.

आता याच शब्दांना जरा हातात घेऊन उलटंपालटं करून बघू. आत खजिना आहे.

'ट्रिब्यूट'साठी कोशात 'खंडणी' सापडते आणि 'आदरांजली'ही. कादंबरीत ती खंडणी पैशांत भरायची नाही. बारा जिल्ह्यांनी दरवर्षी एक मुलगा आणि एक मुलगी राजधानीला द्यायची. चोवीस मुलांपैकी एकच जिवंत परत येणार. कॉलिन्सला ही कल्पना थीसियसच्या ग्रीक कथेवरून सुचली. त्या कथेत अथेन्सला क्रीटच्या राजाकडे सात मुलगे आणि सात मुली पाठवाव्या लागतात, मिनोटॉर नावाच्या राक्षसाच्या तोंडी द्यायला. आपण महाभारतात बकासुराची गोष्ट ऐकत वाढलो: गाडाभर अन्न आणि सोबत एक माणूस. ही आठवण भाचीला करून दिली आणि 'ट्रिब्यूट' हा शब्द तिच्या मनात कायमचा रुजला.

'टेसेरा' घ्या. घरात धान्य नसेल तर मुलांनी एका माणसापुरतं वर्षभराचं तुटपुंजं धान्य आणि तेल घ्यायचं आणि बदल्यात आपल्या नावाची एक चिठ्ठी वाढवायची. म्हणून गरीब कॅटनिसच्या वीस चिठ्ठ्या आणि तिच्या मित्राच्या बेचाळीस. प्राचीन रोममध्ये 'टेसेरा' म्हणजे लहानशी चकती, आणि तिचा एक प्रकार नागरिकांना दाखवून धान्य मिळवण्यासाठी होता. रेशनच्या दुकानासमोरच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हा शब्द परका वाटायचा नाही.

'मॉकिंगजे' तर जिवंत व्याकरण आहे. माणसांचं बोलणं ऐकून जसंच्या तसं सांगणारे 'जॅबरजे' नावाचे हेर पक्षी राजधानीने तयार केले. बंडखोरांनी त्यांच्या कानावर खोट्या बातम्या घातल्या. मग राजधानीने ते पक्षी मरायला रानात सोडून दिले. ते मेले नाहीत. मॉकिंगबर्ड पक्ष्यांशी त्यांचा संकर झाला आणि नवी जात जन्मली. पक्ष्याचा संकर झाला तसाच शब्दाचाही: मॉकिंगबर्डचं अर्धं, जॅबरजेचं अर्धं. शब्द फोडला की इतिहास आपोआप बाहेर येतो.

आणि आता त्या देशाचं नाव, 'पॅनेम'. रोमन कवी जुव्हेनालची तक्रार होती की लोकांना पाव आणि खेळ मिळाले की त्यांना बाकी कशाची फिकीर राहत नाही. त्यातल्या पावासाठीच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आलंय. लॅटिनमध्ये पाव म्हणजे 'पानिस', आणि वाक्यात कर्म म्हणून आला की 'पानेम'. या 'पानेम'चंच झिजत झिजत पोर्तुगीजमध्ये 'पांव' झालं. पोर्तुगीज 1510 साली गोव्यात पाय रोवून बसले, तो शब्द त्यांच्याबरोबर आला आणि कायमचा इथलाच झाला. गोव्यात सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येणाऱ्या पोदेराच्या टोपलीत तोच आहे. मुंबईच्या वडापावात तोच आहे. अमेरिकी कादंबरीतल्या त्या भयंकर देशाचं नाव आपण रोज नाक्यावर दोन रुपये सुटे शोधत उच्चारत असतो!

हे कळल्यावर भाचीने सगळेच शब्द फोडायला घेतले. 'अ‍ॅव्हॉक्स' म्हणजे राजधानीने जीभ छाटलेला गुलाम. त्यात 'व्हॉक्स' हा आवाजासाठीचा लॅटिन शब्द दिसतो आणि त्याच्या आधी नकाराचा 'अ'. आता संस्कृतकडे या. 'व्हॉक्स'ची सख्खी बहीण म्हणजे 'वाक्'. तिला नकाराचा 'अ' लावला की होतं 'अवाक्'. आपण सहज म्हणतो, ऐकून मी अवाक झाले. तोच सांगाडा, तेच हाड!

हा योगायोग नाही. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात म्हटलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात. ती मूळ भाषा लोपली, लेकी जगभर पांगल्या. व्हेरॉनिका रॉथच्या 2011 च्या 'डायव्हर्जंट'मध्ये तर हे नात्यांचं संमेलनच भरलंय. तिथल्या शिकागोत समाजाचे पाच गट आहेत आणि प्रत्येकाचं नाव एका गुणावरून ठेवलेलं. शूरांचा गट 'डॉन्टलेस'. 'डॉन्ट' हे क्रियापद मागे मागे नेलं की लॅटिन 'दोमारे' मिळतं, म्हणजे माणसाळवणं, काबूत आणणं. त्याचा संस्कृत भाऊ 'दम्', ज्यातून आपलं 'दमन' आलं. म्हणजे डॉन्टलेसला मराठीत काय म्हणायचं? 'अदम्य'! खरं बोलणाऱ्यांचा गट 'कँडोर'. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं चकाकणं, पांढरंशुभ्र असणं आहे, आणि त्याच मुळाचं आपल्याकडचं रूप रोज रात्री आकाशात दिसतं: चंद्र. लखलखीत खरेपणा आणि चंद्र एकाच घरचे आहेत, हे कळल्यावर तो शब्द विसरता येईल का?

शब्दांनी काय साधतं, हे सर्वांत हळुवारपणे सांगणारी किशोरकादंबरी मात्र लोइस लॉरीची 'द गिव्हर', 1993 ची. तिची सुरुवातच एका मुलाच्या शब्दशोधाने होते. अकरा वर्षांच्या जोनासला आत काहीतरी होतंय. त्याला भीती वाटतेय का? नाही, ती वेगळी असते, पोटात खड्डा पाडणारी. तो शोधत राहतो आणि 'अ‍ॅप्रिहेन्सिव्ह'वर येऊन थांबतो. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: धाकधूक. निकालाच्या आदल्या रात्रीची ती भीती नव्हे, धाकधूकच. त्या समाजात नेमकं बोलण्याची सक्ती आहे, पण गंमत अशी की जोनास आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का, तर ते त्याची भाषा सुधारतात. प्रेम हा शब्द तिथे निरर्थक ठरून गेलाय. पुस्तकातली सगळ्यात थंड जागा ती. शब्द गेला, आणि त्याच्या मागोमाग ती गोष्टही.

म्हणून पोरांच्या हाती अशी कादंबरी दिली की मी एवढंच सांगते: अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब दे आणि पुढे जा. तीनदा भेटू दे. मग अंदाज सांग, मग कोश उघड, आणि शेवटी विचार की याला आपण घरात काय म्हणतो.

भाचीने तिन्ही पुस्तकं संपवली तेव्हा तिच्या वहीत साठेक शब्द होते. मी पानं चाळत शेवटच्या नोंदीशी आले. तो शब्द इंग्रजी नव्हताच. 'अवाक,' तिने लिहिलं होतं, 'आधी येत होता. आत्ता कळला.'